तोफेची खिडकी

या आठवड्याचा भाग ज्यांना लोकलच्या गर्दीत नीट ऐकू आला नाही, त्यांच्यासाठी हा लिखित भाग. अडखळलेलं आणि घसा खाकरलेलं काढून टाकलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

सुरुवात एका जंगीपासून करतो. ट्रेक करणाऱ्यांना हा शब्द माहीत असेल. किल्ल्याच्या तटाला बंदूक रोखण्यासाठी जी अरुंद भोकं ठेवलेली असतात, त्यांना जंग्या म्हणतात. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात एका किल्ल्यावर मी असाच एका जंगीला डोळा लावून उभा होतो आणि माझा मित्र खाली वाटेवर होता. मी ओरडलो, "अरे, मला तू पूर्ण दिसतोयस!" तो खालून म्हणाला, "मला तुझा एक डोळाच दिसतोय!" दोघंही हसलो. घरी येताना एसटीत मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. मारायला एक डोळा पुरतो की.

आजचा विषय तोच आहे, फक्त बंदुकीच्या जागी तोफ. तोफ आणि ती चालवणारी माणसं यांच्याभोवती चारही बाजूंनी भिंत आणि वर छत असलेली खोली. इंग्रजीत, फ्रेंचमध्ये तिला केसमेट म्हणतात. किल्ल्यात ती दगड-विटांची, नंतर काँक्रीटची; जहाजावर लोखंडाची. मुरूड-जंजिऱ्याला गेला असाल तर बुरुजांमधल्या दगडी कमानी आणि त्यांतून समुद्राकडे तोंड करून बसलेल्या तोफा आठवा. कल्पना तीच. उघड्या तटावर तोफ ठेवली तर गोलंदाज कुणालाही दिसतो, वरून गोळा पडला तर तो मेलाच. म्हणून त्याला खोलीत घ्या.

पण खोलीला खिडकी लागते. खिडकीशिवाय तोफ म्हणजे कोठीत ठेवलेलं भंगार. खिडकी मोठी केली तर तोफ जास्त बाजूंना फिरते, पण आत गोळा यायची शक्यताही तेवढीच वाढते. लहान केली तर माणसं सुरक्षित, पण समोरच्या एका पट्ट्यापलीकडे काही दिसत नाही. जहाजावरच्या या खिडकीला इंग्रजीत पोर्ट म्हणतात. आमच्या फायरवॉलमधल्या पोर्टला वापरतात तोच शब्द. माझ्या पहिल्या नोकरीत मी टेस्टिंगसाठी असंच एक पोर्ट शुक्रवारी संध्याकाळी उघडलं आणि बंद करायला विसरलो. सोमवारपर्यंत कुणीतरी अनोळखी माणूस आमच्या सर्व्हरवर आरामात क्रिप्टो माइनिंग करत होता. माझं नशीब की तिथे कुणी मेलं नाही. आजच्या गोष्टीत माणसं मरतात.

आपण जातोय १८६२ सालच्या अमेरिकेत. यादवी युद्ध चालू आहे. दक्षिणेकडची राज्यं गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालीत. त्यांच्याकडे कापूस भरपूर, कारखाने कमी आणि आरमार जवळपास नाहीच. उत्तरेच्या जहाजांनी त्यांची बंदरं अडवून धरलीत.

व्हर्जिनियातली गोदी सोडून जाताना उत्तरेच्या लोकांनी 'मेरिमॅक' नावाची स्वतःचीच वाफेवरची युद्धनौका जाळून बुडवली होती. दक्षिणेने ती वर काढली. पाण्याच्या वरचा भाग जळून गेला होता, खालचा सांगाडा आणि इंजिन शिल्लक होतं. इंजिन तर आधीच दुरुस्तीसाठी आणलेलं, म्हणजे मुळातच रडकं. ज्यांनी दहा वर्षं जुन्या कोडवर नवीन फीचर चढवलंय त्यांना पुढचं लगेच कळेल. त्यांनी त्या सांगाड्यावर एक लांबलचक लोखंडी घर बांधलं. घराच्या भिंती सरळ नव्हत्या, उतरत्या छपरासारख्या तिरक्या होत्या, सुमारे ३६ अंशांत, म्हणजे गोळा आपटून वर घसरून जावा. आत ओक आणि पाइनचं सुमारे २ फूट जाड लाकूड, त्यावर २-२ इंचाच्या लोखंडी पट्ट्यांचे २ थर. पट्ट्या रिचमंडच्या ट्रेडेगार कारखान्यात लाटलेल्या. त्या कारखान्यात गुलाम कामगारही राबत होते, हेही सांगायला हवं. आत १० तोफा. गोळे निसटावेत म्हणून बाहेरून चक्क चरबी फासली. जहाजाला नवं नाव दिलं 'व्हर्जिनिया'.

केसमेटच का निवडलं? कारण त्यांना तेच परवडत होतं. सपाट पट्ट्या, सरळ भोकं, खिळे-बोल्ट. फिरत्या बुरुजासाठी अचूक यंत्रकाम लागतं आणि ते करणारे कारखाने त्यांच्याकडे नव्हते. माझ्या मते ही तडजोड हुशारीची होती, पण तिची किंमत रोज मोजावी लागणार होती. जहाज वळायला अर्धा तास घ्यायचं. आणि केसमेटमधली तोफ खिडकीतून दिसेल तेवढ्याच कोनात फिरते. म्हणजे निशाणा बदलायचा तर अख्खं जहाज वळवा!

८ मार्च १८६२ला 'व्हर्जिनिया' हॅम्प्टन रोड्सच्या खाडीत उतरली. समोर उत्तरेची लाकडी जहाजं. पहिलं 'कंबरलँड'. व्हर्जिनियाने पुढच्या लोखंडी सुळक्याने तिला भोसकलं. कंबरलँडचे गोलंदाज बुडेपर्यंत तोफा डागत राहिले, पण गोळे त्या तिरक्या भिंतीवरून उडून जात होते. कंबरलँडवरचे १२१ जण गेले. पण याच लढाईत व्हर्जिनियाच्या २ तोफांची तोंडं उडाली. भिंत अभेद्य होती, पण तोफेचं तोंड भिंतीच्या बाहेर होतं.

मग 'काँग्रेस' या जहाजाची पाळी. ते उथळ पाण्यात रुतलं आणि त्याने पांढरं निशाण लावलं. पण किनाऱ्यावरचं उत्तरेचं सैन्य गोळीबार थांबवेना. व्हर्जिनियाचा कप्तान फ्रँकलिन ब्युकॅनन भडकला. तो सरळ केसमेटच्या छतावर चढला आणि हातात बंदूक घेऊन किनाऱ्याकडे गोळ्या झाडायला लागला. अख्ख्या दिवसात ज्या जहाजाच्या भिंतीला काही झालं नव्हतं, त्याचा कप्तान भिंतीबाहेर आला आणि मांडीत गोळी लागून खाली गेला. त्याचा सख्खा भाऊ मॅककीन त्या वेळी समोरच्या 'काँग्रेस'वर खजिनदार होता. तो वाचला. काँग्रेस मात्र रात्री जळून फुटली.

दुसऱ्या दिवशी, ९ मार्चला, व्हर्जिनिया उरलेलं काम संपवायला आली तर समोर एक विचित्र वस्तू तरंगत होती. पाण्याला टेकलेला सपाट डेक आणि वर एक लोखंडी डबा. हे 'मॉनिटर'. स्वीडनमध्ये जन्मलेल्या जॉन एरिक्सनचं डिझाइन. त्याने खिडकीचा प्रश्न वेगळ्या पद्धतीने सोडवला होता. २० फूट व्यासाचा, ९ फूट उंच, ८ इंच जाडीचा डबा, त्यात फक्त २ तोफा, आणि वाफेवर अख्खा डबाच फिरणार. म्हणजे जहाज न वळवता निशाणा बदला, आणि तोफ भरताना खिडक्या शत्रूपासून दुसरीकडे फिरवा. कागदावर एकदम भारी.

प्रत्यक्षात काय झालं, ते मला या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात आवडतं. डबा फिरायला सुरू करणं अवघड आणि सुरू झाला की थांबवणं त्याहून अवघड. शेवटी त्यांनी थांबवायचा नाद सोडला आणि तो फिरत असतानाच, शत्रू खिडकीसमोर आला की तोफ डागायला लागले. तोफेच्या नळीशेजारच्या फटीतून जेवढं दिसेल तेवढंच दिसायचं. आपण जहाजाच्या डाव्या अंगाला बघतोय की उजव्या हे कळावं म्हणून आतल्या स्थिर जमिनीवर पांढऱ्या खुणा केल्या होत्या, त्या धूर आणि पायांनी पुसून गेल्या. कप्तान जॉन वर्डेन पुढे वेगळ्या कोठडीत. तिथून डब्यापर्यंत बोलण्यासाठी नळी होती, ती सुरुवातीलाच निकामी झाली. मग निरोप कसे जाणार? जहाजाचा खजिनदार विल्यम कीलर आणि कप्तानाचा कारकून डॅनियल टॉफी डेकखालून पळत निरोप पोचवायचे. दोघंही खलाशी नव्हेत, त्यामुळे जहाजी भाषेतले आदेश पोचेपर्यंत कधीकधी त्यांचा अर्थच बदललेला. डब्यात हुकूम देणारा सॅम्युअल डेना ग्रीन होता २२ वर्षांचा. विचार करा. आपल्यातले कितीतरी जण २२व्या वर्षी पहिल्या प्रोजेक्टमध्ये कुणाला मेल करायचा तेच शोधत असतात.

आणि एक धडा त्यांना अंगावर शिकावा लागला. भिंतीला टेकायचं नाही. लुई स्टॉडर नावाचा एक अधिकारी आतून भिंतीला टेकून उभा होता, त्याच वेळी बाहेरून गोळा आदळला. भिंत फुटली नाही, पण हादऱ्याने तो फेकला गेला आणि तासभर बेशुद्ध होता.

चार तास दोन्ही जहाजं अगदी जवळून एकमेकांवर मारा करत होती, आणि कुणीच कुणाला फोडू शकलं नाही. व्हर्जिनियाकडे बहुतेक लाकडी जहाजांसाठीचे फुटणारे गोळे होते. मॉनिटरवर तोफा फुटतील या भीतीने दारू १५ पौंडांपेक्षा जास्त भरायची बंदी होती; पुढे चाचण्यांत कळलं की दुप्पट चालली असती. शिवाय कोळसा जळून हलकी झालेली व्हर्जिनिया पाण्यातून वर आली होती आणि पातळ चिलखताचा खालचा पट्टा उघडा पडला होता. मॉनिटरला ते कळलंच नाही. कळणार कुठून, फटीतून?

दुपारच्या सुमारास ते घडलं. मॉनिटरची कोठडी जाड लोखंडी तुळयांची होती आणि दोन तुळयांमध्ये बाहेर बघायला जेमतेम अर्ध्या-पाऊण इंचाची फट. त्या फटीला डोळे लावून वर्डेन उभा होता. व्हर्जिनियाचा एक गोळा अगदी जवळून बरोबर त्या फटीवर फुटला. लोखंडाचे कण आणि जळकी दारू डोळ्यांत गेली. वर्डेन चेहरा धरून मागे पडला. पुढे एका डोळ्याने त्याला दिसायला लागलं, दुसरा कायमचा गेला. वॉशिंग्टनमध्ये तो डोळ्यांवर पट्टी बांधून पडलेला असताना राष्ट्राध्यक्ष लिंकन स्वतः त्याला भेटायला गेले होते.

तर दोन दिवस, दोन लोखंडी जहाजं आणि दोन जखमी कप्तान. एक भिंतीबाहेर आला म्हणून आणि दुसरा भिंतीतून बाहेर बघत होता म्हणून. दोन्ही भिंती शाबूत.

याच्या महिन्याभरानंतर विटांच्या केसमेटचा निकाल लागला. जॉर्जियातल्या सॅव्हाना शहराजवळचा फोर्ट पुलास्की. सुमारे अडीच कोटी विटा, साडेसात फूट जाड भिंती आणि आत ओळीने कमानीच्या तोफखोल्या. तरुणपणी रॉबर्ट ली इथे इंजिनियर म्हणून कामाला होता, तोच पुढे दक्षिणेचा मोठा सेनापती झाला. किल्लेदार चार्ल्स ओल्मस्टेडच्या आठवणीनुसार लीने त्याला सांगितलं होतं की समोरच्या बेटावरून या भिंती फुटणार नाहीत, अंतर फार आहे. जुन्या गुळगुळीत नळीच्या तोफांसाठी ते खरंच होतं. पण उत्तरेच्या क्विन्सी गिलमोरने टायबी बेटावरच्या ३६ तोफांमध्ये काही खोबण्यांच्या नळीच्या आणल्या होत्या. त्यातून सुटलेला लांबट गोळा स्वतःभोवती फिरत जातो, त्यामुळे सरळ जातो आणि भिंतीत खोल घुसतो. १० एप्रिलला मारा सुरू झाला आणि दीड किलोमीटरहून जास्त अंतरावरून त्यांनी एकच कोपरा विंधला. दुसऱ्या दिवशी तोफखोल्यांना भगदाडं पडली आणि त्यांतून गोळे पलीकडच्या दारूकोठारापर्यंत पोचायला लागले. २५ वर्षांच्या ओल्मस्टेडसमोर प्रश्न साधा होता, माझ्या ३८५ माणसांसकट हे सगळं उडू द्यायचं का? सुमारे ३० तासांत त्याने निशाण उतरवलं. मला तो शहाणा वाटतो. त्याच्याच लोकांपैकी अनेकांना तेव्हा तसं वाटलं नव्हतं.

इथे मुंबईचा एक धागा आहे, सोडवत नाही. मॉनिटर गाजल्यावर इंग्रजांनी तशाच धाटणीच्या बुटक्या, फिरत्या बुरुजांच्या नौका बांधल्या. त्यातल्या दोन, 'मॅग्डाला' आणि 'ॲबिसिनिया', खास मुंबई बंदराच्या रक्षणासाठी. १८७० मध्ये इंग्लंडात बांधल्या आणि मग त्यांचं उरलेलं आयुष्य मुंबईच्या बंदरातच गेलं. नावं आली १८६८च्या ॲबिसिनिया मोहिमेवरून, ती मोहीम मुंबई इलाख्याच्या सैन्यानेच केली होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोन्ही भंगारात निघाल्या. पुढच्या वेळी गेटवेवरून एलिफंटाची लाँच पकडाल तेव्हा डोळ्यांसमोर आणा.

तुम्ही म्हणाल, फिरता बुरूज आला म्हणजे केसमेट संपलं. नाही. मोठ्या तोफा बुरुजात गेल्या, पण लहान तोफा पुढची पन्नास वर्षं जहाजांच्या कुशीत, लोखंडी खोल्यांतच राहिल्या. जागा वाचते, वजन खाली राहतं. या कारणांसाठी किती माणसं गेली ते बघा.

१ नोव्हेंबर १९१४. चिलीच्या किनाऱ्याबाहेर, कोरोनेलची लढाई. ब्रिटिशांच्या 'गुड होप' आणि 'मॉनमथ' या जहाजांवर तोफखोल्या दोन मजली होत्या. खालचा मजला पाण्यापासून फारच जवळ. समुद्र खवळलेला. खालच्या खिडक्या उघडल्या की लाटच आत. म्हणजे निम्म्या तोफा असून नसल्यासारख्या. समोरच्या जर्मन जहाजांचा नेम अचूक. दोन्ही ब्रिटिश जहाजं बुडाली, त्यांच्यावरचे सुमारे १,६०० लोक गेले, एकही वाचला नाही. जर्मनांचे ३ जण जखमी. डिझाइन रिव्ह्यूमध्ये कुणी तरी हात वर करून विचारलं असेल का, की साहेब, पाऊसवाऱ्यात ही खिडकी उघडायची कशी?

दीड वर्षाने जटलंडची लढाई, ३१ मे १९१६. 'मलाया' नावाच्या अगदी नव्या ब्रिटिश युद्धनौकेवर ६ इंची तोफांची रांग जहाजाच्या दोन्ही कुशीत. तोफ भराभर डागायची म्हणून दारूच्या थैल्या तोफांजवळ काढून ठेवलेल्या. उजव्या कुशीत एक गोळा फुटला, थैल्या पेटल्या आणि आग अख्ख्या रांगेतून पळत गेली. शंभराच्या वर माणसं मेली किंवा होरपळली. जहाज लढत राहिलं, घरी परत आलं. लांबून बघणाऱ्याला कदाचित फारसं काही झालेलं दिसलंही नसतं. जी भिंत आग बाहेरच अडवण्यासाठी होती, तिनेच ती आत कोंडली.

त्याच लढाईत 'वॉरस्पाइट' या जोडीच्या जहाजावर तोफांवर असलेला वॉल्टर येओ असाच भाजला. त्याच्या दोन्ही डोळ्यांच्या पापण्या गेल्या. १९१७ मध्ये हॅरॉल्ड गिलीज या सर्जनने त्याच्या छातीवरची त्वचा वळवून चेहऱ्यावर लावली. प्लॅस्टिक सर्जरीच्या इतिहासातल्या सुरुवातीच्या ऑपरेशन्सपैकी ते एक.

आता शेवटचा थांबा, बेल्जियम. फोर्ट एबेन-एमाएल. १९३०च्या दशकात अल्बर्ट कालव्याच्या काठी बांधलेला, काँक्रीट आणि पोलादाचा, जगातला सगळ्यात भक्कम किल्ला म्हणून नावाजलेला. खाली किलोमीटर न् किलोमीटर बोगदे, वर गवताचं मोठं पठार. पठारातून डोकं वर काढणाऱ्या तोफखोल्यांची नावं 'मास्त्रिख्त १', 'विझे २' अशी, कारण ज्या गावाच्या दिशेला खिडकी, ते नाव. म्हणजे खोलीच्या नावातच लिहिलेलं की ही इतर कुठेच बघू शकत नाही. वरच्या पठारावर सुरुंग पेरलेले नव्हते. सैनिक तिथे फुटबॉल खेळायचे.

१० मे १९४०च्या पहाटे त्या मैदानावर ९ जर्मन ग्लायडर उतरले. इंजिन नाही, म्हणजे आवाज नाही. आत मिळून सत्तरेक माणसं. किल्ल्यात त्या वेळी सहाशेच्या वर शिबंदी. जर्मनांनी सरळ तोफेशी पंगा घेतलाच नाही. आधी ते बाहेर बघायच्या पोलादी घुमटांकडे गेले. त्यांच्यावर ५० किलोचे पोकळ स्फोटक ठेवले. अशा स्फोटकात आत शंकूसारखी पोकळी असते, त्यामुळे स्फोटाचा सगळा जोर एका रेषेत एकवटून पोलादात घुसतो. ५० किलोचं धूड एका माणसाला झेपायचं नाही म्हणून ते दोन तुकड्यांत आणून जागेवर जोडायचं. मग लहान, १२.५ किलोचे, तोफांच्या तोंडाखाली अडकवले आणि तोफाच्या तोफा आत ढकलून दिल्या. काही वेळात किल्ला बऱ्यापैकी आंधळा झाला होता. खाली बोगद्यात शेकडो माणसं, अन्न, पाणी, दारूगोळा सगळं होतं. वर काय चाललंय हेच कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी किल्ला पडला. जर्मनांचे त्या पठारावर ६ जण मेले.

एक गंमत मात्र बेल्जियन लोकांच्या बाजूने सांगतो. पठारावर त्यांनी काही खोटे घुमटही बांधून ठेवले होते, आणि जर्मनांच्या दोन तुकड्या तिकडे वाया गेल्या. आमच्याकडे सिक्युरिटीवाले याला हनीपॉट म्हणतात.

आणि मॉनिटरचं काय झालं? १८६२च्याच ३१ डिसेंबरला पहाटे केप हॅटरसजवळ वादळात ती बुडाली, १६ जण गेले. १९७३ मध्ये अवशेष सापडले, उलटे पडलेले, डबा खाली आणि जहाज वर. २००२ मध्ये तो डबा वर काढला. आतली माती, कोळसा उपसता उपसता दोन माणसांचे सांगाडे मिळाले. बाहेर पडायचा रस्ता त्याच डब्यातून वर होता. डीएनए काढले, चेहरे बनवले, पण ते कोण हे अजून कुणाला खात्रीने सांगता आलेलं नाही. ८ मार्च २०१३ला त्यांना आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत पुरलं. डबा न्यूपोर्ट न्यूजच्या संग्रहालयात आहे, मीठ निघावं म्हणून वर्षानुवर्षं टाकीतल्या द्रावणात बुडवून ठेवलेला.

ट्रेकवाल्या मित्राला हा भाग पाठवलाय. त्याचा रिप्लाय आला, "पुढच्या वेळी जंगीत तू खाली, मी वर." चला, भेटू पुढच्या शनिवारी.